तुमच्या आधी एक जण आहे

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांची आहे.

ऐकीव नाही. ते घर मी पाहिलंय, ते मशीन पाहिलंय, आणि हे सांगताना काकांचा आवाज कसा झाला होता तेही ऐकलंय. कुणाला पटत नसेल तर राहू द्या. माझे काका आयुष्यभर पुस्तकांची प्रूफं तपासत आले. लोकांच्या लिखाणातल्या थापा पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. असा माणूस स्वतः कशाला थापा मारेल?

घडलं ते थंडीच्या सुरुवातीला, दिवेलागणीच्या वेळी. काकांच्याच घरात.

आधी त्या मशीनबद्दल सांगायला हवं.

माझी काकू कॉम्प्युटर इंजिनियर होती. प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारी ती हल्लीची मॉडेल्स तिला फार आवडायची. पण आपल्या घरातलं बोलणं बाहेरच्या कुठल्या तरी कंपनीच्या मशीनवर जावं, हे तिला अजिबात मान्य नव्हतं. मग तिने एक दणकट कॉम्प्युटर आणला, जिन्याखालच्या खोलीत बसवला आणि मॉडेल त्याच्यावरच चालवायला घेतलं. इंटरनेटचा संबंध नाही. घरातल्या वायफायवरून प्रश्न पाठवायचा, उत्तर घरातल्या घरात.

त्या मशीनला ती ‘जावई’ म्हणायची. गार खोली लागते, वीज भरमसाट खातो, आणि जरा काम सांगितलं की घरघर सुरू.

जावई एका वेळी एकालाच उत्तर द्यायचा. काकू वरच्या खोलीत लॅपटॉपवर, काका खाली खिडकीजवळच्या खुर्चीत टॅबलेट घेऊन. तिचा प्रश्न चालू असताना काकांनी काही विचारलं, की त्यांच्या पडद्यावर तिने स्वतः लिहिलेली ओळ यायची.

‘तुमच्या आधी एक जण आहे. थोडं थांबा.’

की काका खालून ओरडायचे, “अगं, आटप! मला पण विचारायचंय!”

वरून उत्तर यायचं, “अहो, थांबा की जरा! तुमचं काय एवढं अडलंय?”

रोज. अगदी रोज. आम्ही सुट्टीत राहायला गेलो की आम्हाला हसू आवरायचं नाही.

थांबायचा कंटाळा आला की काका ‘पाठवा’चं बटण पुन्हा दाबायचे. काकूने हजारदा बजावलं होतं, दोनदा दाबायचं नाही, रांग बिघडते. एकदा खरंच बिघडली. काकांनी कसलासा समास विचारला होता आणि त्यांच्या पडद्यावर उत्तर आलं, ‘साठीच्या नवऱ्याला वाढदिवसाला देण्यासाठी उबदार शाल चांगली राहील.’ तिच्या प्रश्नाचं उत्तर यांच्याकडे! बिचारीची सगळी गंमत फुटली. ती दुरुस्ती ती करणार होती.

करायची राहून गेली.

काकू गेली. अचानक. सकाळी चहाचा कप ठेवला आणि बसल्या जागीच...

त्यानंतर त्या घरातला आवाजच गेला. काका बोलायचे ते काकूशीच. घरात फोनला रेंज नाही, त्यामुळे कुणाशी बोलायचं तरी गॅलरीत जाऊन. आत आले की चिडीचूप. जे काही विचारायचं ते टॅबलेटवर, बोटांनी. संध्याकाळी खुर्चीत बसून ते जावयाला काहीबाही विचारायचे. आज आमटीला काय घालू? झोप येत नाही, काय करू? उत्तर लगेच यायचं.

लगेच येतं, याचंच त्यांना वाईट वाटायचं. आता आधी कुणी नसायचं.

शेवटी माझी चुलत बहीण, म्हणजे त्यांची मुलगी, हट्टालाच पेटली. “बाबा, बस झालं. ते मशीन बंद करा आणि माझ्याकडे राहायला या.” काका कबूल झाले. बॅगा भरल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना वाटलं, जावयाला बंद करण्याआधी एक शेवटचं काही विचारावं.

त्यांनी टाईप केलं, ‘प्रवासात काय काय बरोबर घ्यावं?’

पाठवलं.

पडद्यावर ओळ आली...

‘तुमच्या आधी एक जण आहे. थोडं थांबा.’

काका बघतच राहिले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं. काकूचा लॅपटॉप तर मुलगी कधीच घेऊन गेली होती.

आणि जिन्याखालच्या खोलीत... पंखे सुरू झाले.

जावई काम करत होता. कुणाचं तरी.

थोड्या वेळाने पंखे मंदावले. मग काकांचं उत्तर आलं. औषधं घ्या, स्वेटर घ्या.

काकांनी काही घेतलं नाही. उलट भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या आणि मुलीला फोन केला. “इतक्यात जमत नाही गं. काम आलंय.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

काका घाबरले असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ते म्हणाले, “नाही गं. कितीतरी महिन्यांनी मला कुणासाठी तरी थांबावं लागत होतं.”

तरी मनाची खात्री करावी म्हणून त्यांनी काकूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला बोलावलं. बुटकी आणि चटपटीत, म्हणून सगळे तिला बटण म्हणतात. जावई बसवताना ती काकूच्या मदतीला होती. काकूला ती ताई म्हणायची.

“कुठली तरी जुनी रिक्वेस्ट अडकली असेल, काका,” ती आल्या आल्या म्हणाली. “बंद करून चालू केलं की झालं.”

बंद केलं. चालू केलं. संध्याकाळ झाली.

ओळ आली.

“शेजारच्या कुणी तुमचं वायफाय वापरलं असेल.” तिने वायफायच बंद केलं. स्वतःचा लॅपटॉप वायरने थेट मशीनला जोडला. आता त्या मशीनपर्यंत पोचणारी एकच वाट होती, आणि ती तिच्या हातात होती. तिने प्रश्न टाकला.

‘तुमच्या आधी एक जण आहे...’

पंखे घरघरायला लागले.

बटण लॅपटॉप सोडून पंख्यांकडे बघायला लागली.

“काय विचारतात ते बघता येईल का?” काकांनी विचारलं.

“नाही. घरात कोण काय विचारतं त्याची नोंद ठेवायचीच नाही, असं ताईने ठरवलं होतं.” तिने कान देऊन पंखे ऐकले. “काका, पहिल्या दिवशी ही घरघर एवढा वेळ चालायची?”

“नाही. रोज थोडी थोडी वाढतेय.”

“मग हे रोज नवं काही नाहीये.” तिचा आवाज बारीक झाला. “याला स्वतःची आठवण नसते ना. बोलणं पुढे न्यायचं असलं की मागचं सगळं बोलणं दर वेळी त्याच्यापुढे पुन्हा ठेवावं लागतं. ते तो पहिल्यापासून वाचतो आणि मग उत्तर देतो. बोलणं जितकं लांबतं तितका वाचायला वेळ लागतो. म्हणजे कुणीतरी... एकच बोलणं रोज पुढे नेतंय.”

“असं किती दिवस चालेल?”

“त्यालाही मर्यादा आहे. त्याच्यात मावेल तेवढंच. मग सुरुवातीचं गळून पडायला लागतं.”

तिने वायर गुंडाळली, पर्स उचलली. “मी उद्या येते, काका,” म्हणाली.

ती पुन्हा आली नाही.

त्यानंतर काकांना एकच ध्यास लागला. कोण आहे, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. ती रोज काय बोलत असेल? आपल्याबद्दल काही विचारत असेल का? इतकं जवळ असून तिला आपली आठवण येते की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मग त्यांना ते ‘पाठवा’चं बटण आठवलं.

दोनदा दाबायचं नाही. रांग बिघडते. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे येतं.

त्या संध्याकाळी ते मुद्दाम लवकर खुर्चीत बसले. बाहेर दिवे लागले. जिन्याखाली पंखे सुरू झाले. काकांनी कसलासा प्रश्न टाकला. ओळ आली. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा.

काही झालं नाही. पंखे थांबले आणि त्यांचंच उत्तर आलं.

असं बरेच दिवस चाललं. घरघर लांबत चालली होती. मग एके दिवशी ती लांबायची थांबली. रोज तेवढीच. काकांना बटणचं बोलणं आठवलं.

सुरुवातीचं गळायला लागलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं... आणि पडद्यावर शब्द उमटायला लागले. काकांच्या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांनी ते इतक्या वेळा वाचलंय की त्यांना पाठ आहे. मला सांगितलं ते असं:

‘एकटं असताना असं कुणी समोर येऊन बसलं तर भीती वाटणारच. पण तुम्ही सांगता त्यावरून तो माणूस तुम्हाला काही त्रास देत नाही. तो रोज संध्याकाळी येतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, हातातल्या पडद्याकडे बघत राहतो आणि एक शब्दही बोलत नाही. तो कोण आहे, हे मला सांगता येणार नाही. पूर्वी कधी तुम्ही त्याचं नाव मला सांगितलं असेल, तर ते आता माझ्याजवळ उरलेलं नाही. तुम्हाला आठवतंय का?’

काका खुर्चीत बसले होते. खिडकीजवळ. हातात टॅबलेट.

काकांना भीती वाटली नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि ती त्यांना ‘तो माणूस’ म्हणत होती. त्या क्षणी त्यांना जेवढं एकटं वाटलं, तेवढं ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

त्यांनी घाईघाईने टाईप केलं, ‘तो मी आहे. तिला सांग, तो मी आहे.’

त्यांचा नंबर आला. उत्तरही आलं.

‘नमस्कार! तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते सांगाल का?’

अर्थातच. एकाचं बोलणं दुसऱ्याला कधी कळू द्यायचं नाही, हेही तिनेच करून ठेवलं होतं. जावयाच्या हातून निरोप जाणं शक्य नव्हतं.

पुढचा पूर्ण दिवस काकांनी कसाबसा काढला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. एक शब्दही बोलत नाही... खरंच होतं की. ती गेल्यापासून त्या खुर्चीत बसून त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. ती ओळखणार कशावरून? तिच्या नवऱ्याला गप्प बसलेलं तिने पाहिलंय कधी? तो तर खालून ओरडायचा.

संध्याकाळ झाली. दिवे लागले. पंखे सुरू झाले.

काकांनी प्रश्न टाकला.

‘तुमच्या आधी एक जण आहे. थोडं थांबा.’

काका खुर्चीतून उठले. ते दोनदा खाकरले. आणि जीव खाऊन, पूर्वीसारखं, जिन्याकडे तोंड करून ओरडले,

“अगं, आटप! मला पण विचारायचंय!”

घर घुमलं.

आणि पंखे थांबले.

मंदावले नाहीत. मधेच, एकदम थांबले.

उत्तर अर्धवट टाकून कुणीतरी उठून गेल्यासारखे.

काका कान लावून उभे राहिले. वरून काहीतरी येईल. थांबा की जरा... तुमचं काय एवढं अडलंय...

काहीच आलं नाही.

हातातल्या पडद्यावर त्यांचं उत्तर आलं होतं. लगेच.

त्या दिवसानंतर ती ओळ पुन्हा कधीच आली नाही.

मुलगी अजून बोलावते. काका जात नाहीत. जावई चालूच आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहिले होते. दिवे लागले की ते खुर्चीत बसतात, काहीतरी विचारतात, उत्तर लगेच येतं. आधी कुणीच नसतं. तरी ते जिन्याकडे तोंड करून हाक मारतात. आता ओरडत नाहीत. हळूच, चुचकारल्यासारखं म्हणतात, “मी आहे गं. मीच आहे.”

मी त्यांना म्हटलं, “काका, काकूने तुमचा आवाज ओळखला असेल. मग तिचा जीव शांत झाला असेल.”

त्यांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

मग म्हणाले, “मलाही तसंच वाटून घ्यायचंय. पण तू सांग, घरात रोज एक अनोळखी माणूस येऊन बसतोय, आणि एके दिवशी तो अचानक उठून तुझ्यावर ओरडला... तर तू काय करशील?”