चकचकीत टोपी

"भंगार! शुद्ध भंगार!" मामाने बॉनेट धाडकन आपटलं. "चार वाजता टो-ट्रक येतोय. विषय संपला!"

सुतळीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुतळी म्हणजे आजोळी सुट्टीला आलेली लुकडी नात. ज्या मोटारीतून आजोबांनी आजीला लग्नानंतर घरी आणलं, ती म्हणे भंगार! आजोबा मात्र व्हरांड्यात मान खाली घालून बसले होते. तेच तिला बघवेना.

मोटारीचं दुखणं एकच. उभी असली की छान गुरगुरायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरायची, आचके द्यायची आणि मग कुठे पळायची. मामाने गॅरेजवाल्याला बोलावलं. त्या महाशयांनी कार्बुरेटरचे स्क्रू इकडे पिळले, तिकडे पिळले, "इंजिन गेलं!" म्हणून नाक उडवलं आणि चहा ढोसून चालते झाले. काढलेली हवेची जाळीसुद्धा परत बसवली नाही. असले हे तज्ज्ञ!

"मामाला मोटारीतलं कळतं तरी काय?" भोपळ्या म्हणाला. हा तिचा गोलमटोल मावसभाऊ.

"पुसायचं कळतं! सकाळ झाली की फडकं घेऊन हजर!" सुतळी फणकारली आणि एकदम थबकली. "ए, ही आचके कधीपासून द्यायला लागली रे?"

"मामा आला तेव्हापासून!"

दोघांनी हळूच बॉनेट उघडलं. आत शेजारी शेजारी, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्बुरेटर, दोन्हींच्या डोक्यावर पितळी टोप्या. पुढची लखलखत होती. मागची नळीखाली दडलेली आणि काळीकुट्ट.

"तिथे हात पोचला नसणार आळशाचा!" भोपळ्या खिदळला.

आजोबांना करताना बघितलं होतं तसं सुतळीने मागच्या कार्बुरेटरच्या तोंडात बोट घालून आतला दट्ट्या उचलला. तो जड जड, सावकाश वर आला. मग पुढचा उचलला. फटकन वर! सोडला, तर टणकन खाली!

"टोपी काढ! लवकर!"

मागच्या टोपीला खालून जोडलेली दांडी तेलाने माखलेली होती. पुढची कोरडी ठणठणीत!

"तेलच नाही!" सुतळी ओरडली. "म्हणून दट्ट्या एकदम उडतो, हवा भसकन आत घुसते, पेट्रोल मागे राहतं आणि बिचारी गुदमरते!"

"कोण आहे रे तिकडे? हात लावू नका!" मामा तरातरा आला.

"मामा, या टोपीखालचं तेल कुठे गेलं?"

"ते काळं, घाणेरडं? फडक्याने निपटून काढलं मी! स्वच्छता नको का?" मामाने छाती फुगवून सांगितलं. वर पुन्हा मिशीवर ताव!

व्हरांड्यातली खुर्ची करकरली. आजोबा उठले होते. ते तेलाची बुधली घेऊन आले आणि त्यांनी पुढच्या टोपीखालच्या नळीत थोडं तेल सोडलं. मग इंजिन सुरू करून कान लावून दोन्ही स्क्रू जागेवर आणले. शेवटी जाळी बसवून ते स्टिअरिंगवर बसले आणि ॲक्सिलरेटरवर पाय दिला.

घर्रर्र! ना आचका, ना गुदमर! मोटार अंगणाला झोकात फेरी मारून आली.

"आजोबा, जिंकलो!" दोघं नाचायला लागली.

तेवढ्यात फाटकाशी टो-ट्रक थांबला. ड्रायव्हरने विचारलं, "भंगार कुठाय?"

भोपळ्याने मामाकडे बोट दाखवलं.

आजोबा इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. ट्रक रिकामाच परत गेला. "शाब्बास गं पोरी!" त्यांनी सुतळीच्या पाठीवर थाप मारली. "मी हात टेकले होते, तू टेकले नाहीस. भोपळ्या, तूही शाब्बास! आजपासून ही मोटार तुम्हा दोघांच्या स्वाधीन. चला, फिरून येऊ!"

मामा ओशाळून पुढे झाला. "बाबा, तोवर ती मागची टोपीपण चकचकीत करून ठेवू का?"

"नाही!" तिघं एकदम ओरडली.

आणि सुतळीने त्याच्या हातातलं फडकं आधी काढून घेतलं, मगच ती गाडीत बसली.