उत्कर्षचं व्यसन

“या डब्यानं माझा मुलगा खाल्ला!”

गोविंदराव हे वाक्य जवळजवळ दर रविवारी उच्चारत. पण आज त्यांचा आवाज चढला नव्हता. आज त्यांनी पुढ्यातली सेवउसळ हलकेच बाजूला सारली होती... आणि बडोद्यातल्या मराठी घरात रविवारची सेवउसळ कुणी न खाता बाजूला सारतं, तेव्हा काहीतरी फार मोठं घडणार असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं!

आतल्या खोलीतून जळका वास अजून येत होता. थोड्या वेळापूर्वी तिथल्या जुनाट गेमिंग कॉम्प्युटरनं एक लांबलचक, आर्त घरघर केली होती आणि मग कायमचे म्हणावेत असे डोळे मिटले होते. गुडघ्याएवढा उंच काळा डबा तो... एका बाजूला काच, काचेआड लाल दिवे, आणि पंख्याचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या पटेलबेननी एकदा वर येऊन सुनेत्राबाईंना विचारलं होतं, “नवी घरघंटी लीधी के शुं?”

उत्कर्ष मान खाली घालून बसला होता. या विषयावर मान खाली घालून बसणं आता त्याच्या अंगवळणीच पडलं होतं.

“तो शुभंकर मॅनेजर झाला,” गोविंदराव म्हणाले. “तुझ्या मामाचा शुभंकर! शाळेत तुझ्या वहीवरून गणितं उतरवणारा! आणि तू? अजून त्याच खुर्चीवर. का? तर साहेब दर रविवारी बंदूक घेऊन जंगलात पळतात!”

“अहो, आधी खाऊन तर घ्या,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“नको. भूक मेली.”

उत्कर्षनं सगळं ऐकून घेतलं. आणि त्याच्या अंतःकरणातलं ते गुपित इथेच सांगून टाकायला हवं, जे त्यानं लग्नापासून उराशी कवटाळून ठेवलं होतं... उत्कर्षला गेम खेळता येत नव्हता! येत नव्हता, आवडत नव्हता, आणि सोसतही नव्हता. एकदा कुतूहलानं त्यानं माउस हातात घेतला, तेव्हा पडद्यावरचं ते जंगल असं गरागरा फिरलं, की त्याला पलंगावर आडवं करून लिंबाचं सरबत पाजावं लागलं. खेळायची ती मोहना. त्याची पत्नी! शाळेत गणित शिकवणारी, जिच्या सात्त्विक चेहऱ्याकडे पाहून कुणालाही हळदीकुंकवाची आठवण व्हावी, ती मोहना दर रविवारी दुपारी कानांवर हेडफोन चढवून अचूक नेम धरत असे.

घडलं होतं ते असं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत डभोईहून एक टेम्पो दारात येऊन उभा राहिला. त्यात मोहनाच्या पुस्तकांची खोकी होती आणि हा डबा होता. मोहनाचे आईवडील आधीच गेलेले. तिला वाढवलं ते थोरल्या भावानं, आशयनं. बहिणीचं लग्न लावून, डभोईचं भाड्याचं घर रिकामं करून तो नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता, आणि दोघांनी शिकवण्या करून मिळून घेतलेला कॉम्प्युटर त्यानं बहिणीकडे धाडला होता. पण गोविंदरावांचं एक तत्त्व होतं. सुनेच्या माहेरचा चमचासुद्धा या घरात येणार नाही, हे त्यांनी साखरपुड्यात, लग्नात, आणि कुणी विचारलेलं नसताना बँकेच्या रांगेतही जाहीर केलं होतं. टेम्पो दिसताच ते जिन्यातूनच गरजले, “परत न्या! आम्ही हुंडा घेत नाही!” टेम्पोवाला बिचारा हादरला. आणि त्या नव्या नवरीचा चेहरा असा पांढराफटक पडला, की उत्कर्षच्या तोंडून शब्द निसटून गेले, “बाबा, तो माझा आहे. मी आशयकडून विकत घेतलाय... गेम खेळायला.”

तत्त्व वाचलं. डबाही वाचला. उत्कर्ष मात्र त्या क्षणापासून व्यसनी झाला.

रविवारी दार लोटलं, की आत मोहना जर्मनीतल्या भावाशी बोलते आणि हा शेजारी बसून खेळतो, अशी घराची समजूत. प्रत्यक्षात तो शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत असे, आणि तेही पुरतं सुटत नसे. आणि मोहना... फोनवर त्या भावाबहिणीचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘थंडी आहे का’ यापलीकडे कधी गेलंच नाही. दोघंही तशी अबोल. पण त्या खेळात एकानं पुढे व्हायचं आणि दुसऱ्यानं त्याची पाठ राखायची. तसं चालता चालता, ‘दादा, डावीकडे बघ’ आणि ‘थांब, आलोच मी’ यांच्या मधेच कुठेतरी आशय सांगून जायचा, की आज वॉर्डात एक म्हातारी गेली, ती अगदी आईसारखी खोकायची... आणि मोहना पडद्यावरची नजर न काढता रडायची. डोळ्यांतून धारा लागलेल्या असायच्या. नेम मात्र चुकत नसे!

गेल्या महिन्यापासून पेच पडला होता. खेळाची नवी आवृत्ती येत होती आणि ती या म्हाताऱ्या डब्याला पेलणार नव्हती. घरातला अधिकृत व्यसनी उत्कर्षच, त्यामुळे चौकशीलाही त्यालाच जावं लागलं. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीजवळ केयूरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. “प्रोसेसर कयो छे, उत्कर्षभाई? कार्ड कयुं?” केयूरनं विचारलं, आणि उत्कर्षनं दुकानाबाहेर जाऊन, पानाच्या टपरीआड उभं राहून बायकोला फोन लावला. केयूरचं म्हणणं सरळ होतं. बोर्ड जुना, त्यावर नवा प्रोसेसर बसायचा नाही. वापरलेलं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर एखाददोन वर्षं सहज निघतील. नाहीतर मग सगळंच नवं घ्या. मोहनाचं वापरलेल्या कार्डावर ठरत आलं होतं... तोच आज सकाळी डब्यानं मान टाकली.

“मी ठरवलंय,” गोविंदराव म्हणाले. “नवा लॅपटॉप मी घेऊन देतो. साधा, स्वस्तातला. तुझं ऑफिसचं काम होईल, मोहनाला पेपर काढता येतील. हा डबा भंगारात. अट एकच... खेळ बंद.” आणि मग, रिफायनरीत जन्म काढलेल्या, सायरन वाजला तरी न दचकणाऱ्या त्या माणसाचा आवाज एकाएकी कापला. “बाळा, तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे रे! एकदा यातून बाहेर ये... मग बघ कुठल्या कुठे जातोस!”

बाळा...! इतक्या वर्षांच्या टोमण्यांनी झाला नव्हता असा घाव त्या एका शब्दानं उत्कर्षच्या हृदयावर झाला. त्याला एकदम उमगलं, की बाबांची सगळी आशा या डब्यात साठवलेली आहे. डबा जाईल आणि मुलगा वर येईल! आणि तो डबा माझा नाहीच, असं सांगितलं तर उरतं काय? उरतो एक साधा माणूस, ज्याला बढती मिळाली नाही, कारण ती शेजारच्या टेबलावरच्या जास्त हुशार माणसाला मिळाली. आजवर त्यानं स्वतःला त्यागमूर्ती मानलं होतं. पत्नीसाठी कलंक माथ्यावर घेऊन मुकाट चालणारा! पण त्या कलंकाची सावली किती गार होती, आणि आपण तिच्यात किती सुखानं बसून होतो, हे त्याला आजच कळत होतं. गप्प राहिलं तर बाबांची आशा राहील. त्याची अब्रूही एका परीनं राहील. जाईल तो फक्त मोहनाचा रविवार.

चहाचे कप घेऊन मोहना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बाबा बरोबर म्हणतायत,” ती म्हणाली. “देऊन टाका भंगारात. लॅपटॉपच घेऊ.”

“मोहना!”

“पुरे आता, उत्कर्ष. तुला किती ऐकून घ्यावं लागतं...” तिनं कप टेबलावर ठेवले, एकही न सांडता. “दादाशी मी बोलेन फोनवर.”

फोनवर! उत्कर्षच्या डोळ्यांपुढे ते पुढचे सगळे रविवार उभे राहिले... जेवलास का, थंडी आहे का, ठेवते मग.

तो उठला.

“बाबा, मी गेम खेळत नाही. कधीच खेळलो नाही. तो डबा मोहनाचा आहे. खेळते ती.”

गोविंदरावांनी सुनेकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग, जणू तिथे काही खुलासा असेल, अशा नजरेनं सेवउसळीकडे.

“ही?”

“दादाबरोबर, बाबा,” मोहना खालच्या आवाजात म्हणाली. “रविवारी.”

“आणि तू विकत घेतला होतास तो?”

“खोटं होतं ते,” उत्कर्ष म्हणाला. “तुम्ही टेम्पो परत पाठवला असता.”

आता तत्त्वावर व्याख्यान होणार, म्हणून सुनेत्राबाईंनी पदर सावरला. पण गोविंदराव तत्त्वाबद्दल बोलले नाहीत. दवाखान्यात रिपोर्टबद्दल विचारावं, तशा दबक्या आवाजात त्यांनी विचारलं,

“मग... बढती का नाही मिळाली तुला?”

उत्कर्षनं बाबांच्या डोळ्यांत पाहिलं.

“मी तेवढाच आहे, बाबा. काम नीट करतो. कुणाला फसवत नाही. पण तेवढाच आहे... खेळत असतो तरी तेवढाच, आणि नसतो तरी तेवढाच.”

गोविंदराव उठून गॅलरीत गेले. खाली रिक्षा, स्कूटर, रविवारची गर्दी. त्यांची पाठ मात्र हलत नव्हती. उत्कर्ष मटकन खुर्चीत बसला, तेव्हा सुनेत्राबाई जवळ येऊन म्हणाल्या,

“मला माहीत होतं रे.”

“काय?”

“अरे, खेळणारा माणूस ओरडतो. दाराबाहेर तुझा आवाज कधी आला का? ‘दादा, मार त्याला’ कोण म्हणायचं? मी काय बहिरी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू?” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “तुझ्या मामीकडे गेलो की हे सांगायचे, डोकं आमच्या उत्कर्षचंच जास्त, पण खेळापायी गेलं. ते सांगताना यांचा चेहरा कसा फुलायचा, तू पाहिला नाहीस... तो मी कसा उतरवू, सांग ना!”

गॅलरीचं दार वाजलं. गोविंदराव आत आले ते थेट मोहनासमोर उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

“डभोईचं घर तर सोडलंत तुम्ही. मग तुझं माहेर म्हणून आता काय उरलंय? तो डबाच ना?”

मोहनानं मान डोलावली.

“आणि मी तुझं माहेर जिन्यातून परत धाडत होतो!” ते म्हणाले. खोलीत कुणालाच कुणाकडे पाहवेना... शेवटी त्यांनी नाक शिंकरलं, घसा साफ केला, आणि त्यांच्यातलं तत्त्व, तेवढं मात्र, पुन्हा ताठ उभं राहिलं. “स्त्रीधन आहे ते. त्याला हात लावायचा अधिकार मला नाही, याला नाही. दुरुस्त करायचं, की नवं घ्यायचं, तू ठरवायचंस. मला फक्त सांग, काय आणायचं. केयूरचं दुकान दुपारपर्यंत उघडं असतं.”

“नवं नको, बाबा,” मोहना डोळे पुसत म्हणाली. “जळका वास बहुतेक पॉवर सप्लायचा आहे. आज तेवढा बदलू. चाललं, तर कार्ड पुढच्या महिन्यात, वापरलेलं.”

“चालशे,” गोविंदराव तिला म्हणाले. “काढ स्कूटर. तू चालव. मला आज नीट दिसत नाहीये.”

दुपारी डबा हॉलच्या मधोमध सतरंजीवर आडवा झाला. मोहनानं झाकण काढलं आणि आतली धूळ जुन्या ब्रशनं हळुवार झाडली. जळलेला ठोकळा निघाला, नवा बसला. गोविंदराव शेजारी मांडी घालून, विजेरी धरून बसले होते आणि दर तारेला “ही कशाची?” म्हणून विचारत होते. मोहना सांगत होती.

उत्कर्ष दारात उभा होता.

“तू काय करतोस तिथे?” गोविंदरावांनी विचारलं.

“मला यातलं काही येत नाही, बाबा.”

गोविंदरावांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. नुसतं त्याच्याकडे; शुभंकरकडे नाही, कुठल्या खुर्चीकडे नाही. मग ते सतरंजीवर थोडे सरकले.

“नाही ना येत? मग इथे बस. माझ्याजवळ.”

उत्कर्ष जाऊन बसला. बाबांचा हात, वयानं असेल किंवा सकाळच्या सगळ्यामुळे असेल, थरथरत होता, आणि विजेरीचा उजेड तारांवरून इकडेतिकडे पळत होता. उत्कर्षनं त्या हाताखाली आपला हात धरला. गोविंदरावांनी तो झटकला नाही.

“हं... राहू द्या तसंच,” मोहना म्हणाली. “आता दिसतंय.”