माऊंटखालचा हात

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि ताई खोटं बोलायला लागली की आधी तिचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

रात्र, वादळ, गेलेली वीज, यातलं काही नाही. उन्हाळ्यातली भर दुपार. दुसऱ्या मजल्यावरचं घर, आणि त्यातली मधली खोली. त्या खोलीत ऊन कधीच येत नाही.

ऊन येत नाही हे लक्षात ठेवा. सगळं तिथूनच सुरू झालं.

ताईच्या नवऱ्याला आम्ही पाठीमागे 'पारखी' म्हणतो. तोंडावर भावोजी. पारख्याला छंद एकच, फोटो जमवायचे. स्वतः काढायचे नाहीत बरं का. त्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात त्याचाच अंगठा असतो. मोठमोठ्या छायाचित्रकारांनी काढलेली माणसांची चित्रं, मोजक्या प्रती, खाली पेन्सिलीने सही. असे प्रिंट तो विकत घ्यायचा आणि नाकाने कांदे सोलत पाहुण्यांना दाखवायचा.

सगळे चेहरे अनोळखी. एका खाणकामगाराच्या चेहऱ्यासमोर उभं राहून त्याचे डोळे भरून यायचे. "काय सोसलंय या माणसाने," म्हणायचा. खाली दारावर बसणारा राखणदार इतकी वर्षं त्याला सलाम करत होता. तो बदलून दुसरा आला, तेही याला कळलं नाही.

प्रिंटला हात लावताना पांढरे सुती हातमोजे घालायचा. घरातल्या त्याच्याच आईला औषध द्यायची वेळ आली की मात्र ताईला हाक.

घरात आधी घरचेही फोटो होते. लग्नाचे, वडिलांचे, आईच्या तरुणपणीचे. पारख्याने एका सकाळी ते सगळे उतरवले. "ही कला नाही, नुसत्या नोंदी आहेत," म्हणाला. नीट अल्बम करून देतो, असं आईला सांगितलं आणि खोकी रद्दीवाल्याला दिली. फोनमध्ये कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट आहे. गेलेला फोटो गेलाच.

आईंनी पुढे दोनतीनदा विचारलं. मग विचारणं सोडलं.

त्या माउलीचं सांगते. बारीक चणीची बाई, कमी बोलणारी, पण बोलली की हसू यायचं. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लेकाने लहानपणी हट्टाने दार आपटलं, त्यात बोट सापडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती रुसलीय. बाकीच्यांशी बोलत नाही." लेकाचं नाव कधी घेतलं नाही.

मधली खोली त्यांची होती. पण प्रिंटना ऊन चालत नाही, त्यांचा काळा रंग उडतो. म्हणून पारख्याने ती खोली प्रिंटना दिली आणि आईला पश्चिमेच्या खोलीत हलवलं. दुपारी तिथे भट्टी पेटायची.

"बरं," आई म्हणाल्या. "माझा कुठे रंग उडायचाय आता."

प्रिंटच्या खोलीत हवेतला ओलावा मोजायचं यंत्र बसलं. आईच्या खोलीत करकरणारा जुना पंखा राहिला.

मग तो प्रिंट आला.

एक म्हातारी बाई. साधी खुर्ची, अंगावर शाल, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. आणि चित्राच्या डाव्या कडेने आत आलेला एक हात, तिच्या खांद्यावर ठेवलेला. रुंद हात. सरळ, जाडसर बोटं, एकमेकांना चिकटलेली. मनगटाच्या पुढे चित्र संपलं होतं. हात कुणाचा, ते दिसत नव्हतं.

म्हातारीने मान किंचित त्या हाताकडे कलती केली होती. ताई म्हणते, तिला ते चित्र बघताक्षणी आवडलं.

पारख्याला हात खटकला. चित्र एकटेपणाचं आहे आणि हा हात म्हणजे त्यातली भेसळ, असं त्याचं मत. छायाचित्रकाराला जे कळलं नाही ते याला कळलं होतं. त्याने फ्रेमवाल्याला बोलावलं. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट असते ना, माऊंट म्हणतात, त्याची खिडकी लहान कापायला सांगितली. म्हणजे हात पुठ्ठ्याखाली जाईल आणि फक्त बाई दिसेल.

ताई म्हणाली, "अहो, तिच्यासोबत कुणीतरी होतं ना. ते का झाकायचं?"

"गाढवाला गुळाची चव काय," पारखी म्हणाला. फ्रेमवाल्यासमोर म्हणाला.

चित्र भिंतीवर लागलं. म्हातारी एकटी झाली.

आठवडाभरात ताईला पहिला आवाज आला.

ती दुपारची मधल्या खोलीतली फरशी पुसत होती. घर शांत होतं, आणि मागून...

सर्र.

थांबलं. पुन्हा सर्र. कुणीतरी जाड पुठ्ठ्यावरून नखं फिरवत होतं. काचेच्या आतून.

ताईने मान वळवली. म्हातारी होती तशीच. मान कलती करून, नसलेल्या कुणाकडे तरी झुकलेली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, कागद आहे, हवेने फुगतो. यंत्राचा आकडा बघून आला आणि खूश होऊन जेवायला बसला.

त्यानंतर आवाज बंद झाला. अगदीच बंद. ताई म्हणते, त्याचीच जास्त भीती वाटली. आत काहीतरी होतं आणि आता ते तिथे नव्हतं, असं वाटायला लागलं.

एका दुपारी ती आईंना चहा द्यायला गेली. खोली तापलेली, पंखा करकरतोय. आई खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. मान डावीकडे किंचित कलती.

"हळू ये गं," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"दुपारी कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं. बरं वाटतं गं. थंड हात आहे."

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. आईंच्या डाव्या खांद्यावर सुती कापड दबलेलं होतं. पुढे चार वळ्या, सरळ, एकमेकींना चिकटलेल्या. आणि मग...

कापड हळूहळू वर आलं. उशीवरून कुणी डोकं उचललं की उशी फुगते ना, तसं.

ताईने ते रात्री जेवताना सांगितलं. पारखी पोटभर हसला. हसून झाल्यावर त्याच्या डोक्यात विचार आला, आणि त्याच्या डोक्यात आलेला विचार कधी कुणाच्या भल्याचा नसतो.

आईला भ्रम व्हायला लागलाय, म्हणाला. वृद्धाश्रमात पाठवू. तिथे डॉक्टर असतात. आणि दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी घेऊन पश्चिमेच्या खोलीत शिरला. जाड पडदे लावले की तिथेही प्रिंट टांगता येणार होते. आई भिंतीला लागून बसल्या होत्या.

"आई, जरा मान खाली घे," म्हणाला, आणि त्यांच्या डोक्यावरून भिंत मोजली.

आईंनी मान खाली घेतली. मी तिथे नव्हते हे त्याचं नशीब.

ताई आजवर नवऱ्याला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आईंना पाठवू नका. ती भुताटकी असेल तर त्या फोटोची आहे. फोटो घालवा, आई राहू देत."

पारख्याला हा अपमान वाटला, आईचा नव्हे, प्रिंटचा. बायकोचं खूळ एकदाचं घालवायचं म्हणून त्याने फ्रेम उतरवली, टेबलावर पालथी घातली, हातमोजे चढवले आणि मागचे खिळे काढले. ताई शेजारी उभी. त्याने माऊंट अलगद उचललं...

हात नव्हता.

शाल होती. शालीला पडलेल्या वळ्या होत्या, चार बोटांच्या, दाबलेल्या. फक्त दाबणारं कुणी नव्हतं. खांद्यापासून कडेपर्यंत नुसता करडा रंग.

ताई दारापर्यंत मागे सरली. पारखी मात्र संतापला. प्रिंट खराब निघाला, म्हणाला. हात फिकट होऊन उडाला, म्हणे. शालीचा एक धागा उडाला नाही, नेमका हातच उडाला. ज्याच्याकडून घेतला होता त्याला फोन लावून तो तासभर भांडला. बायको दारात थरथरत होती, ते त्याला दिसलं नाही.

तरीही वृद्धाश्रमाचं ठरलंच. आईंना न्यायला गाडी दुपारी यायची होती.

त्या सकाळपासून तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या. पायाशी पिशवी. पारखी मधल्या खोलीत, परत लावलेली फ्रेम सरळ आहे का ते बघत होता. ताई स्वयंपाकघरात रडत रडत चहा करत होती. भिंतीपलीकडे पंख्याची करकर चालू होती.

आणि मग...

करकर थांबली.

ताई धावली. पंखा फिरत होता. आवाज न करता फिरत होता. आई खुर्चीत होत्या, मान डावीकडे टेकलेली, चेहरा अगदी शांत.

खांद्यावरचं कापड दबलेलं होतं. ताई वाट बघत राहिली.

या वेळी ते वर आलं नाही.

गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता. त्याला परत पाठवायलाही ताईच गेली.

वर्तमानपत्रात द्यायला आईचा फोटो हवा होता. पारख्याने कपाटं उपसली, खण उलटे केले. एक फोटो नाही. भेटायला आलेले नातेवाईक विचारत होते, फोटो कुठे लावलाय? भिंतीवर जगभरचे चेहरे, आणि जन्मदात्रीचा एक नाही. मी तोंडावर म्हटलं, "भावोजी, नोंद तरी ठेवायची होती." मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

काही दिवस गेले. दुपार होती. दोघं घरात होते.

सर्र.

या वेळी पारख्यानेही ऐकलं.

त्याने फ्रेम उतरवली. हातमोजे चढवून खिळे काढले. माऊंट उचललं...

म्हातारीच्या खांद्यावर हात होता. पण तो रुंद हात नव्हता. बारीक, सुरकुतलेला उजवा हात. तीन बोटं शालीवर टेकलेली. करंगळी बाहेर, वाकडी, बाकीच्यांशी न बोलणारी.

पारखी मटकन खाली बसला. त्याने हातमोजे काढले. जन्मात पहिल्यांदा उघड्या बोटाने प्रिंटला शिवला. ताई म्हणते, तो लहान पोरासारखा रडला. असेल. रद्दीवाल्याला खोकी देताना रडला असता तर मी मानलं असतं.

आता माऊंटची खिडकी मोठी कापून घेतली आहे. हात पूर्ण दिसतो. पारखी रोज दुपारी त्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसतो. त्याचे जाणकार मित्र येतात, माना डोलावतात. चित्राचा जीव त्या हातात आहे, म्हणतात. ती वाकडी करंगळी म्हणजे कलाकाराची कमाल आहे, म्हणतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

मागच्या महिन्यात मी ताईकडे गेले होते. दुपारची वेळ. पारखी आत चित्रासमोर. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती, पाठमोरी. मान डावीकडे कलती.

मी हाक मारली. ती हळूच म्हणाली, "थांब जरा."

"काय झालं?"

"कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं गं. बरं वाटतं. थंड हात आहे." मग मला धीर द्यायला म्हणाली, "आईच आहेत. दुसरं कोण येणार?"

मी जवळ गेले. तिच्या खांद्यावरचं कापड दबलेलं होतं. मी त्या वळ्या नीट बघितल्या.

चार होत्या. सरळ. एकमेकींना चिकटलेल्या.

एकही वाकडी नव्हती.

मी ताईला माझ्याकडे चल म्हणून हात जोडले. तर म्हणते, मग यांच्याकडे कोण बघणार. त्याला जे बघायचंय ते सगळं त्याच्या भिंतीवरच आहे. पण तिला कोण सांगणार? शेवटी मी तिला ओढत कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नेलं आणि तिचा एक फोटो काढून घेतला. तो माझ्या घरी, समोरच्या भिंतीवर लावलाय.

फोटोवाला तिला सारखा सांगत होता, ताई, मान सरळ ठेवा. ती ठेवायची.

फोटोत मात्र डावीकडे कलतीच आली आहे.