गोळीही घेणार, नमस्कारही घालणार

आजोबांचे पाय कशामुळे दुखले, गोळीमुळे की सूर्यनमस्कारांमुळे? यावरून २०४८ साली आमच्या घरात युद्ध पेटलं.

रथसप्तमीला गच्चीवर एकशे आठ सूर्यनमस्कार घालायची आमच्या सोसायटीची प्रथा. वर्षभर एकही न घालणारे आजोबा त्या दिवशी हट्टाने सगळे पुरे करतात. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठवेना.

आमचा आरोग्य-रोबो दक्ष म्हणाला, "आजोबा स्टॅटिन (रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेतात. त्याने स्नायू दुखू शकतात. व्यायाम कायमचा बंद!"

"मग गोळीच बंद!" आजोबा कडाडले. आयुष्यभर उपग्रह सोडलेत त्यांनी, यंत्राचं ऐकतायत कशाला!

माझं डोकंच फिरलं. गोळी सोडली तर हृदयाला धोका, व्यायाम सोडला तरी धोका. आणि मला आजोबा अजून खूप वर्षं हवे होते. "दोघंही गप्प बसा!" मी ओरडले आणि डॉक्टर नसरीन मुजावरांना फोन लावला.

"गोगटेकाका, लघवी गडद होतेय? ताकद कमी वाटतेय?" पडद्यावरून त्यांनी आजोबांना विचारलं. तसं काही नव्हतं. तरी त्यांनी दक्षला रक्त तपासायला लावलं.

"क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा पदार्थ) थोडं वाढलंय," दक्ष ऐटीत म्हणाला.

"सवय नसताना एवढे नमस्कार घातले, तर गोळी न घेणाऱ्याचंही वाढेल," डॉक्टर म्हणाल्या. "स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. विश्रांतीत ती भरून येते आणि स्नायू पुढच्या वेळी जास्त ताण सोसतात. म्हणून व्यायाम हळूहळू वाढवायचा. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. दुखणं वाढलं, अशक्तपणा आला किंवा स्नायू जास्त तुटल्याने लघवी गडद झाली, तर मात्र लगेच मला कळवायचं."

काही दिवसांनी दुखणं थांबलं, पुन्हा केलेली तपासणीही ठीक आली. डॉक्टरांनी परवानगी दिली. आजोबांनी दोन नमस्कार घातले आणि तिसऱ्यासाठी हात जोडले.

"आज एवढेच," मी म्हणाले.

"इरावती, तू पण रोबो झालीस?"

"रोबोशी भांडून जिंकाल. माझ्याशी नाही!"

आजोबा हसत खाली बसले.

"व्यायामाची ही योजना कधीपर्यंत चालवायची?" दक्षने नम्रपणे विचारलं.

"मी शंभर वर्षांचा होईपर्यंत," आजोबा म्हणाले. "आणि तेव्हाही 'थांबा' म्हणालास, तर याद राख!"