मुलांनी वाचायला येऊ नये

"कमान फुग्यांची हवी की फुलांची?" श्यामलाताईंनी विचारलं आणि समितीतली सगळी मोठी माणसं एकदम गंभीर झाली.

कर्वेनगरच्या वाचनालयात रविवारी बालवाचन महोत्सव भरणार होता आणि त्याच्या नियोजनाची बैठक रंगात आली होती. कमान, बिल्ले, सरबत, कोण कोणाच्या शेजारी बसणार, आधी कोणाचं भाषण, मग कोणाचं भाषण, असे सगळे महत्त्वाचे विषय झाले होते. पुस्तक हा शब्द मात्र अजून कुणाच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

कोपऱ्यातल्या सतरंजीवर तीन 'बालप्रतिनिधी' बसले होते. सातवीतली राजनंदिनी, तिच्याच इमारतीतला तेजस आणि मागच्या चाळीतली जया. आल्या आल्या तिघांचा फोटो काढून झाला होता. म्हणजे समितीच्या हिशेबी त्यांचं काम संपलं होतं!

राजनंदिनीने हात वर केला. "ताई, महोत्सवात मुलांना पुस्तकं वाचायला दिली तर?"

सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. कुणीतरी खोकलं.

"सुंदर!" श्यामलाताई म्हणाल्या. त्या वाचनालयाच्या कार्यवाह होत्या आणि जी गोष्ट करायची नसेल तिला 'सुंदर' म्हणायची त्यांना सवय होती. "फार सुंदर कल्पना! पण वेळ कुठाय बाळ? भाषणंच इतकी आहेत."

"मग बालविभाग तरी उघडा ना," जया म्हणाली. "बंद काहून ठेवला?"

"महोत्सव झाला की बघू हं."

जयाचा चेहरा पडला. तिच्या बाबांचं इथल्या कारखान्यातलं काम संपलं होतं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने घरातले सगळे कायमचे वर्ध्याला परत निघणार होते. महोत्सव झाल्यावर बघायला ती इथे असणारच नव्हती.

बैठक संपता संपता वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब जागे झाले. ते राजनंदिनीचे आजोबा. कर्वेनगर नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे शेतकरी, आता शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्यामुळे सगळ्या संस्थांचे अध्यक्ष. "झालं न्हवं समदं ठरून? मग चहा आणा," एवढं मार्गदर्शन करून ते पुन्हा टेकले.

बाहेर आल्यावर तेजस दात काढत म्हणाला, "भारी! वाचन महोत्सवात वाचायचं सोडून सगळं आहे!"

जया हसली नाही. ती बालविभागाच्या दाराकडे बघत होती. दारावर ताईंच्या सुवाच्य अक्षरात पाटी लागली होती: 'महोत्सवाच्या तयारीसाठी बालविभाग बंद आहे. मुलांनी वाचायला येऊ नये.'

"माझं पुस्तक आत राहिलंय," ती म्हणाली. "शेवटची थोडीच पानं उरलीत."

"कुठलं? नाव सांग, कुठूनही मिळवू!" राजनंदिनी म्हणाली.

"नावच माहीत नाही ना! कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. वादळात दीपगृहावर अडकलेल्या बहीणभावांची गोष्ट आहे. दिवा विझलाय, समोरून जहाज येतंय आणि त्या जहाजावर त्यांची आई आहे. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी हे दार बंद!"

राजनंदिनीला खरंच वाईट वाटलं. ज्या पुस्तकाचं नावच माहीत नाही ते दुकानात कसं मागणार? तीच प्रत हवी होती.

"खिडकीतून बघू तरी," ती म्हणाली.

मागच्या बाजूला जाऊन तेजसने जयाला हातांवर उचललं. जयाने गजांना धरून आत नजर टाकली आणि ती जवळजवळ ओरडलीच. "कपाटं दुसऱ्याच पुस्तकांनी भरलीत! जाडजाड, सोनेरी अक्षरांची, इंग्रजी!"

"इंग्रजी? मला बघू दे!" राजनंदिनी खिडकीच्या कठड्यावर चढली. तिने गजांना नाक लावून नीट पाहिलं. मग तिला इतकं हसू आलं, की ती पडता पडता वाचली.

"अरे, ती पुस्तकं नाहीत! फोटो आहे! कपाटाच्या काचांना आतून फ्लेक्स चिकटवलाय. एकच फोटो चारही कपाटांना! एका ठिकाणी तर उलटा लावलाय आणि तिथे कोपरा सुटलाय. मागे कपाट रिकामं आहे, अगदी धुतल्यासारखं!"

"म्हणजे पुस्तकांचे फोटो दाखवून वाचन महोत्सव?" तेजस म्हणाला. "उद्या सरबताचाही फोटोच देतील प्यायला!"

पण मग खरी पुस्तकं गेली कुठे?

श्यामलाताईंना विचारलं, तर त्या मोबाइलवर बोलत होत्या. मोबाइल नवा होता आणि सगळ्यांना तो दिसावा म्हणून त्या अंगणात उभ्या राहूनच बोलत. "पुस्तकं अगदी सुरक्षित आहेत," त्या फोन न ठेवताच म्हणाल्या. "जा, खेळा. सुट्टी आहे ना?" मुलांनी वाचनालयात येऊन पुस्तकांची चौकशी करावी, हे त्यांना जरा आगाऊपणाचंच वाटलं.

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने कानावर हात ठेवले. माळ्यावर फक्त मोडक्या खुर्च्या निघाल्या.

शनिवारी दुपारी मांडववाला रतन व्यासपीठ उभारून गेला. लाल गालिचा, समोर जांभळी झालर, मध्ये राजाराणीला शोभेल असा सोफा. त्याच अंगणात तेजस वैतागून एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. एक फटका जोरात बसला आणि चेंडू थेट झालरीखाली गेला.

"गेला! आता आत घुसायला लागणार," म्हणत तो पालथा पडला आणि त्याने हात आत घातला. "अरेच्चा! हे काय?"

"काय झालं?" जयाबरोबर पायरीवर बसलेली राजनंदिनी उठून आली.

"स्टेज लोखंडी घोड्यांवर उभं असतं ना? इथे एकही घोडा नाही. सुतळी लागतेय हाताला. आणि... कागद!"

राजनंदिनीने झालर वर केली. फळ्यांखाली सुतळीने करकचून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रांगा होत्या. एकावर एक, एकाला चिकटून एक. पुस्तकांचे गठ्ठे! बालविभागातली सगळी पुस्तकं!

जया आधीच रांगांमधल्या फटीतून आत सरपटत गेली होती. "सापडलं!" आतून तिचा आवाज आला. "पाठीला निळं कापड दिसतंय, मीच चिकटवलं होतं. अगदी मधोमध आहे, सोफ्याच्या खाली. ओढलं तर निघत नाही गं!"

"कोन हाय रे तिकडं?" दोर न्यायला परत आलेला रतन धावत आला. "अय पोरांनो, स्टेज पाडताय का काय?"

"काका, हे कुणी केलं?" राजनंदिनीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"मी कशाला करतोय? लग्नाचा सीझन, सगळे घोडे लोणी काळभोरला मांडवात गुतलेत. मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हनल्या, मागल्या खोलीत गठ्ठे पडलेत, ते लावा खाली. माझ्या पोरांनी लावले; मला वाटलं, हिशेबाचे जुने कागद असतील." त्याने वाकून आत पाहिलं आणि पटकन कान पकडले. "आयला, ही तर गोष्टीची पुस्तकं! मी वरून चपला घालून नाचलो की!"

त्याचा चेहरा खरोखरच उतरला. पुस्तकाला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तिघांनाही ठाऊक होतं. वाचनाचा महोत्सव भरवणाऱ्यांना तेवढं आठवलं नव्हतं.

श्यामलाताईंना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे! ती फाटकी, कळकट पुस्तकं पाहुण्यांसमोर ठेवायची का? कंप्युटर कंपनीच्या पूर्णिमा मॅडम येणार आहेत, वाचनालयाला दोन कंप्युटर देणार आहेत. ते बालविभागात बसतील. पुस्तकांचं नंतर बघू कुठेतरी."

"म्हणजे पुस्तकं परत कपाटात जाणारच नाहीत?" राजनंदिनीने विचारलं.

"आणि हे कुणाजवळ बोलायचं नाही हं. संस्थेच्या मानाचा प्रश्न आहे!"

तिघं पायरीवर जाऊन बसली. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राजनंदिनी रागाने पायरीवर टाच आपटत होती.

"तुझ्या आप्पांना सांगूया की," तेजस म्हणाला.

"आप्पा ताईंना विचारतील, ताई 'सुंदर' म्हणतील, आप्पा चहा मागवतील. संपलं!" राजनंदिनी म्हणाली आणि एकदम थांबली. "ए, पाहुण्यांना आपल्याकडे पुष्पगुच्छ देत नाहीत ना? पुस्तक देतात."

"मग?"

"मग त्यांना पुस्तक कोण देणार, हे ठरलंय का?"

ते ठरलं नव्हतं. फुग्यांच्या गडबडीत ते राहूनच गेलं होतं. राजनंदिनी साळसूद चेहरा करून ताईंकडे गेली आणि म्हणाली, "पाहुण्यांचं स्वागताचं पुस्तक आम्ही मुलं देऊ का? तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

"सुंदर!" ताई म्हणाल्या. या वेळी मात्र त्यांनी ते मनापासून म्हटलं. एक काम परस्पर टळलं होतं!

रविवारी अंगण गच्च भरलं. फुग्यांची कमान लागली, छातीवर बिल्ले लागले, मुलं उन्हातल्या सतरंजीवर आणि मोठी माणसं पंख्याखालच्या खुर्च्यांवर बसली. मागे जयाचे बाबा बॅगा घेऊन उभे होते आणि सारखे घड्याळ बघत होते. व्यासपीठावर सोफ्यात मधोमध आप्पासाहेब, एका बाजूला पूर्णिमा मॅडम, दुसऱ्या बाजूला समिती. सगळ्यांच्या पायांत चपला-बूट.

भाषणं सुरू झाली. वाचन कमी झालं, हल्लीची मुलं वाचत नाहीत, आमच्या वेळी आम्ही कसे वाचायचो, हे तीन जणांनी तीनदा सांगितलं. तिघांपैकी एकाने गेल्या दिवाळीपासून वर्तमानपत्राशिवाय काही वाचलं असेल, तर शपथ! हल्लीची मुलं उन्हात बसून हे ऐकत होती.

मग श्यामलाताईंनी माइक हातात घेतला. "पुष्पगुच्छ नको, पुस्तक द्या, ही आमच्या संस्थेची परंपरा! आपल्या पाहुण्यांना पुस्तक देत आहे आपली बालवाचक, जया!"

टाळ्या झाल्या. जया उठली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

ती व्यासपीठाजवळ गेली, पण वर चढली नाही. पूर्णिमा मॅडम सोफ्यावरून उठून कडेला आल्या आणि त्यांनी हसून हात पुढे केले.

"मॅडम, जरा खाली उतरता का?" जया म्हणाली. ताईंनी कौतुकाने माइक तिच्यापुढे धरला होता, त्यामुळे तिचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "तुम्हाला द्यायचं पुस्तक तुमच्या पायाखाली आहे."

तेजस आणि राजनंदिनीने दोन्हीकडून झालर धरली आणि एका दमात ओढली!

जांभळं कापड खाली आलं आणि सगळ्यांना दिसले ते गठ्ठे. चित्रांची कव्हरं, कोपरे दुमडलेली, दाबली गेलेली. पुढच्या रांगेतल्या एका कव्हरावरचा ससा फळीखालून सगळ्यांकडे बघत होता.

पूर्णिमा मॅडमनी आधी चपला काढल्या. मग त्या उडी मारूनच खाली उतरल्या, वाकल्या आणि पुढच्या गठ्ठ्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. "आम्ही यांच्यावर बसून वाचनाबद्दल बोलत होतो?" त्या म्हणाल्या.

आप्पासाहेब ताडकन उठले. राजनंदिनीने त्यांना इतकं जागं कधीच पाहिलं नव्हतं. "माझ्या पायाखाली पोरांची पुस्तकं? आन मला ठाव नाही?" ते उतरले, गुडघे धरून वाकले आणि त्यांनीही नमस्कार केला. "रतन! काढ रं ह्या फळ्या! आत्ताच्या आत्ता!"

समिती खाली आली. कुणी बूट काढले, कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. वर राहिल्या फक्त श्यामलाताई. त्या माइकवर सांगत होत्या, की हा अतिशय बोलका प्रसंग समितीने मुद्दाम योजलेला होता, मुलांच्या मनावर पुस्तकांचं महत्त्व ठसवण्यासाठी! रतन त्यांच्या चारी बाजूंच्या फळ्या काढत होता आणि त्या बोलतच होत्या.

"ताई, उतरा आता," शेवटी तेजस म्हणाला. "फक्त तुमच्या खालचंच राहिलंय!"

पोरं इतकी हसली, की कमानीतले दोन फुगे घाबरून फुटावेत. ताई उतरल्या. रतनने मधला गठ्ठा हळूच उचलून जयासमोर ठेवला आणि सुतळी कापली. निळ्या कापडाचं पुस्तक वरच होतं.

"बाबा, थोडंसंच!" जया ओरडली.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि बॅगा खाली ठेवल्या. जया फळ्यांच्या ढिगाला टेकून वाचायला लागली. तिचं बघून बाकीच्या पोरांनी गठ्ठ्यांवर उडी घेतली आणि अंगणभर जो तो मिळेल ते उघडून बसला. उरलेली भाषणं कुणी ऐकली नाहीत, म्हणून ती झालीच नाहीत. हा त्या महोत्सवातला सगळ्यात चांगला कार्यक्रम होता.

पूर्णिमा मॅडमनी फ्लेक्स बघितला, उलटा लावलेला सुद्धा. "कंप्युटर आम्ही देऊ," त्या ताईंना म्हणाल्या, "पण ते तुमच्या कार्यालयात ठेवा. ही खोली मुलांची आहे." मग त्यांनी राजनंदिनी आणि तेजसच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! माझ्या ऑफिसात इतकं नीट नियोजन करणारी माणसं मला मिळत नाहीत."

आप्पासाहेबांनी बालविभागाची किल्ली ताईंकडून मागून घेतली आणि नातीच्या हातात ठेवली. "सुट्टी संपस्तोवर तुमीच उघडायचं आन तुमीच बंद करायचं. आमाला चहा प्यायलाच ठेवलंय हितं, ते बेस झालं." आणि त्यांनी दारावरची पाटी स्वतःच्या हाताने ओढून काढली. राजनंदिनीला त्यांचा खूप अभिमान वाटला, थोडा उशिरा का होईना.

जयाने पुस्तक मिटलं. तिचे डोळे ओले होते, पण ती हसत होती.

"हे तू घेऊन जा," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "तुझंच आहे ते."

जया क्षणभर पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. तिला ते हवं होतं, फार हवं होतं. मग तिने ते राजनंदिनीला दिलं. "नको. इथंच राहू द्या. कुणाचं तरी अर्धं वाचून झालं असेल, तर?"

रिक्षा आली. बॅगा चढल्या. जयाने बाहेर डोकं काढलं आणि रिक्षा हलता हलता ती जोरात ओरडली, "राजनंदिनी, आईचं जहाज ना..."

"ए! ए! शेवट सांगू नकोस!" जन्मात एकही पुस्तक पुरं न वाचलेला तेजस कान झाकून रिक्षामागे धावत ओरडला. राजनंदिनीच्या हातातलं निळ्या कापडाचं पुस्तक केव्हाच त्याच्या काखेत आलं होतं. "माझं वाचायचं राहिलंय!"