दोन ठोके, एक ठोका

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण माझी आत्या कधी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही.

हे घडलं भर दुपारी, युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, लाकडी जहाजं बांधायच्या कारखान्यात. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून बायकांना कामावर घेतलं होतं. आत्या काडीपैलवान. त्यामुळे जहाजाच्या पुढच्या निमुळत्या टोकात, जिथे धड बसताही येत नाही, तिथे तिलाच शिरावं लागे.

बाहेरून मिस्त्री दोन ठोके देणार, म्हणजे खिळा येतोय. आतून आत्या लोखंडी ठोकळा दाबून धरणार. खिळ्याचं टोक वळलं की ती एक ठोका देणार. म्हणजे झालं, पुढचा मार.

जेवणाचा भोंगा झाला. घरी सहा महिन्यांची मुलगी दुधासाठी खोळंबली होती. आत्या निघणार, तोच...

ठक ठक.

"या म्हाताऱ्याला भूकसुद्धा लागत नाही," ती पुटपुटली.

तिने ठोकळा धरला. खिळा आलाच नाही. दुसरीकडे मारला असेल, म्हणून तिने सवयीने एक ठोका दिला.

पुन्हा ठक ठक. पुन्हा तिचा एक.

असं सात वेळा.

मग तिच्या लक्षात आलं... तिला स्वतःचे हात दिसत नव्हते.

ये-जा करायला एकच फळी उघडी ठेवलेली असे. ती बंद झाली होती.

आपल्याच एकेका ठोक्यावर त्या फळीचा एकेक खिळा बसत गेला, हे तिला कळलं. ती ओरडली. ठोकळ्याने फळी बडवली. फळी हलेना. दुधाने कपडे भिजले. पोर रडत असेल, एवढंच तिच्या मनात येत होतं.

ठक ठक.

ती गप्प राहिली. जीव गेला तरी आता उत्तर द्यायचं नाही.

आणि तिच्या मागून, अगदी टोकातून, जिथे मांजरही मावलं नसतं...

एक ठोका आला.

जेवून परतलेल्या मिस्त्रीने पहारीने फळी उचकटली.

"कुणी ठोकली गं ही?"

"मला काय विचारता? तुम्हीच ठोकत होतात."

"मी भोंग्यापासून जेवायला बसलो होतो. विचार सगळ्यांना."

मग त्याने खिळे पाहिले. खिळ्यांची डोकी आतल्या बाजूला होती.

आत्या पुन्हा कारखान्यात गेली नाही. आता ती नव्वदीची आहे. घराचं दार ती दिवसा कधीच लावू देत नाही.

गेल्या गुरुवारी मी तिला दवाखान्यातून घरी आणलं. दार बंद होतं. तिची मुलगी आत असेल म्हणून मी दोनदा ठोकलं.

आतून एक ठोका आला.

आत्याने माझा हात घट्ट धरला. "परत ठोकू नकोस," ती म्हणाली.

तेवढ्यात तिची मुलगी भाजीची पिशवी घेऊन जिना चढून वर आली.