शोधायचं कुणी?

दारात खोकं घेऊन उभ्या असलेल्या तरुणाला तिने कुरिअरवाला समजून विचारलं, "सही कुठे करू?"

"करा कुठेही," तो म्हणाला. "पण आधी पाणी मिळेल का?"

तो निघाला दुसऱ्या शाखेतला तिचाच सहकारी. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एक यंत्र तयार होत होतं. कानात बसणारा भाग तिचा, बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा छोटा माइक त्याचा. वर्षभर दोघांनी एकमेकांना फक्त कामाचे निरोप धाडले होते. आज दोन्ही भाग पहिल्यांदाच एका टेबलावर आले, पण जुळायचं नाव घेईनात. निळे दिवे नुसते लुकलुकत राहिले.

ती वैतागली... आणि मनातून सुखावलीही. या खोलीत एरवी पंख्याखेरीज कुणाचा आवाज नसे. सुट्टीच्या दिवशी मावशीचा फोन आला नाही, तर तोंड उघडायचीच वेळ येत नसे. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं ती ऐटीत सांगायची. खरं तर तिला फार एकटं वाटायचं.

दुपार कलल्यावर चूक सापडली, तशी ती हसतच सुटली. बिनतारी जोडणीत एकाने 'मी इथे आहे' अशी हाक घालायची असते. दुसऱ्याने ती ऐकून, शोधून, पुढे व्हायचं असतं. इथे दोघंही हाका घालत बसले होते. शोधायचं काम समोरचा करेल, असं दोघांनीही परस्पर धरून टाकलं होतं.

"विचारलं का नाहीत?" तिने म्हटलं.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. त्याने आपल्या माइकला शोधायला लावलं आणि दोन्ही दिवे स्थिर झाले. मग लांबून आवाज पोचतो का ते पाहायला, माइक लावून तो व्हरांड्याच्या पार टोकाला गेला.

"एक, दोन..." तिच्या कानात तो हळूच म्हणाला. "काम झालं. आता संध्याकाळची गाडी." मग आवाज आणखी हळू झाला. "एक सांगू? हे खोकं कुरिअरनेच येणार होतं. मी स्वतः आणायचं मागून घेतलं... तुम्हाला बघायचं होतं."

"मलाही," ती म्हणाली.

पण तिच्या बाजूला माइक कुठे होता? तिचं बोलणं त्या रिकाम्या खोलीतच राहिलं. कानात त्याचा श्वास तेवढा येत होता. तो वाट पाहत होता. मग एक उसासा आला, आणि पाठोपाठ, "असो."

आयुष्यभर ती अशीच बसून राहिली होती, कुणीतरी येईल म्हणून. आज तिने खुर्ची मागे ढकलली आणि व्हरांडाभर धावत गेली.

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. चाहूल लागताच वळला.

"ऐकू आलं?"

"सगळं." तिने कानातला तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "आता तो माइक काढा... आणि पुन्हा सांगा. या वेळी मला उत्तर द्यायचंय."